मांस बीफचं आहे, चाचा, खा

अन्याय झाला तो रत्नागिरीहून इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीच्या मोटार कारखान्यात आलेल्या एका पन्नाशीच्या फिटरवर. कधी, तर १९७३ सालच्या नोव्हेंबरातल्या पहिल्या शनिवारी, दुपारी चारच्या सुमारास. करणारी मी.

कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये हलाल जेवण मिळावं म्हणून आम्ही कमिटी केली होती. पत्रकं मी लिहायचे. मॅनेजमेंटला झोडपण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. मीटिंग व्हायची एका डच बाईंच्या घरी. त्यांचा इंग्रज नवरा त्याच कारखान्यातला. त्या दिवशी बाईंनी बिटरबॉलन तळले होते. मांसाचा दाट रस्सा थंड करून थिजवायचा, त्याचे लिंबाएवढे गोळे वळायचे, पावाच्या चुऱ्यात घोळवून तळायचे. बाहेरून कुरकुरीत, आत पिठल्यासारखं मऊ.

त्या फिटरना मी चाचा म्हणायचे. त्यांनी बशी हातात घेतली आणि हळूच विचारलं, "काय गो बाय, हे मला चालेल ना?"

मी बाईंना विचारलं, मांस कसलं? बीफ, त्या म्हणाल्या.

"बीफ आहे, चाचा. बिनधास्त खा. बामणाची पोर खातेय, तुम्ही कसले लाजताय?"

"तू काय, बाटलेलीच," ते हसले आणि चार खाल्ले.

सोवळ्याओवळ्याच्या घरातली मी. माझ्या लेखी प्रश्न दोनच: गाईचं आमच्यात चालत नाही, डुकराचं त्यांच्यात. गाईचं म्हटलं की मुसलमानाची सोय झाली. बीफ खाऊन मी माझी जात मोडत होते, आणि त्या तोऱ्यात ते जनावर कुणी नि कसं कापलं, हे विचारायचं मला सुचलंच नाही. हलालच्या मागणीचं पत्रक लिहिणाऱ्या मला.

पुढच्या आठवड्यात मी बाईंकडे कृती उतरवून घ्यायला गेले. मांस कोपऱ्यावरच्या इंग्रज खाटकाचं, म्हणजे हलाल नव्हतंच. रस्सा थिजावा म्हणून जिलेटिन. ते कशापासून करतात? "डुकराच्या कातड्यापासून, बहुतेक," त्या सहज म्हणाल्या. तळायला लार्ड, म्हणजे डुकराचीच चरबी.

मी गप्प बसले. कमिटीत फूट पडेल, असं स्वतःला सांगितलं. खोटं होतं ते. चाचांसमोर मला लहान व्हायचं नव्हतं, एवढंच. नंतर दोन मीटिंगा झाल्या. दोन्ही वेळा गोळे आले, दोन्ही वेळा चाचांनी माझ्याकडे एकदा बघून घेतलं आणि खाल्ले. दुसऱ्या वेळी बायकोसाठी चार कागदात बांधूनही नेले. त्यांचे हात भरलेले म्हणून दार मी उघडून धरलं.

डिसेंबरात कारखान्याच्या फाटकाशी त्यांना गाठून सगळं सांगितलं. त्यांनी सायकलचं कुलूप काढलं.

"पहिल्या वेळचं सोड. नकळत खाल्लं, त्याचा गुन्हा नाही आमच्यात." मग म्हणाले, "पण नंतर तुला माहीत होतं."

"हो."

"घरी नेले तेव्हाही?"

"हो, चाचा."

"मग माझ्या बायकोला तूच सांग. मी नाही सांगणार."

मी गेले. त्या घरातून मला चहाशिवाय कधी सोडलं नव्हतं. त्या दिवशी चाचींनी उंबऱ्यातच ऐकून घेतलं, "बरं" म्हणाल्या आणि दार लावलं.

चाचा कमिटीत अजून येतात. डबा घेऊन येतात. मी काही पुढे केलं, तर तो साधा पाव असला तरी "नको" म्हणतात, अगदी नीट, न रागावता.

हे वाचणाऱ्या तुम्हीही कधी कुणाला पुरतं न विचारता "चालेल, खा" म्हणाला असाल आणि खरं कळल्यावर गप्प बसला असाल. मॅनेजमेंटविरुद्धची पत्रकं उद्या वाटा. आज त्या माणसाच्या दारात जा, आणि त्याच्या ताटात तुम्ही काय वाढलंत ते त्याला तोंडावर सांगा.