रोह्यापर्यंतचं केरळ

हसणार नाही असं वचन मी तुमच्याकडून घेत नाही. तुम्ही ते मोडाल आणि उगाच पाप लागेल. कप तेवढा खाली ठेवा, चहा नाकात जाईल.

तर मी केरळला गेलो होतो, त्याची ही गोष्ट. गेलो होतो म्हणजे... ऐका तर!

पनवेलला माझं लग्नाच्या शूटिंगचं दुकान. आणि आमच्याकडची हळद म्हणजे काय चीज असते ते बाहेरच्यांना कळायचं नाही. लग्न चुकवलं तर लोक विसरतात, हळद चुकवली तर नातवंडांना ऐकवतात. अशा कितीतरी हळदी मी काढल्या. पण मग ते नवे डिजिटल सिनेमा कॅमेरे आले आणि पोरं म्हणायला लागली, "दादा, आमचं शूटिंग पिक्चरसारखं पाहिजे." पिक्चरसारखं! ज्याने जन्मभर नवरदेवाच्या डोळ्यांवर हॅलोजन मारला त्याने करायचं काय?

तेवढ्यात इंटरनेटवर कोचीच्या एका संस्थेचा कोर्स दिसला. सिनेमा कॅमेऱ्याचा, निवडक लोकांसाठी. मी माझी एक हळद पाठवून दिली आणि चक्क निवड झाली! संस्थेच्या मॅडमचा फोन आला.

"आप पनवेल से हैं? अरे वा! फिर तो आपको आने में कोई तकलीफ ही नहीं!"

"बिलकुल नहीं, मॅडम!" मी छाती फुगवून म्हणालो. आमच्या पनवेलला केरळच्या गाड्या थांबतात हे थेट कोचीत माहीत आहे, केवढा अभिमान वाटला! त्या पत्ता पाठवते म्हणाल्या, तर मीच म्हटलं, कशाला, स्टेशनवर उतरून फोन करतो. संस्था कोचीची, नंबर कोचीचा, बाई कोचीच्या. मग कोर्स काय उरणच्या धक्क्यावर भरणार?

तिकीट काढलं, आणि मग कळलं की त्याच आठवड्यात सोनालीची हळद आहे. सोनाली म्हणजे माझ्या सख्ख्या मामाची मुलगी. मामाचं गाव कर्नाळ्याच्या वाटेवर. सांगायला गेलो तर मामाने पाणीसुद्धा विचारलं नाही.

"घरची हलद टाकून तू केरळला चाललास?"

"मामा, अशी संधी परत येत नाही हो."

"मंग सोनीची हलद काय दरसाल हाय? जा तू. पन परत माज्या दारात पाय ठेवायचा नाय!"

खरं सांगतो, जीव तुटला. ह्याच मामाच्या खांद्यावर बसून मी आयुष्यातली पहिली हळद बघितली होती. पण कोर्सही सोडवेना. निघालो.

निघालो तो कसा? आईने ओवाळलं, हातावर दही घातलं. आळीतली मंडळी हार घेऊन पनवेल स्टेशनात आली. मामा सोडून सगळे! गाडी येताना दिसली आणि माझा फोन वाजला.

"सर, हम लोग पहुँच गये! कर्नाळा के पास फार्महाऊस लिया है. जंगल, पंछी, बहुत सुंदर! कोर्स परसों से है, पर आप तो लोकल हैं, आज ही आ सकते हैं क्या? यहाँ बर्फ कहाँ मिलती है?"

"मॅडम... कोर्स कोची में नहीं?"

"कोची में क्यों? ये तो मुंबई बॅच है!"

आता मला सांगा, तुम्ही काय केलं असतं? आमच्याकडे दही हातावर घेऊन निघालेला माणूस फाटकातून मागे फिरला तरी अपशकुन. मी तर गळ्यात हार घालून फलाटावर उभा! आणि मागे फिरून सांगायचं काय? की घरची हळद टाकून मी हळदीच्या शेजारच्या गावात चाललोय? मामाने घरून येऊन मला उभा चिरला असता.

मी गाडीत चढलो. हात हलवला. आई रडली, मीही रडलो. माझं रडणं जास्त खरं होतं.

खिडकीतून कर्नाळ्याचा सुळका दिसला. मी तोंड फिरवलं. रोह्याला उतरलो, हार कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि तोंडाला रुमाल बांधून एसटीने पेणमार्गे उलटा कर्नाळ्याला आलो. येताना बर्फ घेऊन आलो!

पण कोर्स काय सांगू! उजेड अंगावर मारायचा नसतो, तो अलगद येऊ द्यायचा असतो, हे मला पहिल्यांदा कळलं. रोज आईचा फोन यायचा.

"कसं आहे रे केरळ?"

"नारळच नारळ, आई!"

"आणि जेवण?"

"भातच भात!"

एका दुपारी मॅडम म्हणाल्या, "आज प्रॅक्टिकल बाहर है. पास के गाँव में एक हल्दी मिली है!" म्हटलं, ह्या भागात हळदी काय कमी असतात? गाडीत बसलो. गाडी मामाच्या गावात शिरली. मामाच्या गल्लीत वळली. मामाच्या मांडवापुढे थांबली!

मी सीटखाली वाकलो तर मॅडमनी कॅमेराच माझ्या खांद्यावर ठेवला. "यू गो फर्स्ट!"

मी उतरलो. बँजो थांबला. आख्खा मांडव माझ्याकडे बघतोय. समोरून मामा आला, अंगभर हळद, डोळे लाल. म्हटलं, संपलं. आणि मामाने कॅमेऱ्यासकट मला मिठी मारली!

"आयला रे आयला, माजा भाचा केरळवरनं आयला! भयनीच्या हलदीला पिच्चरवाली मंडली घेऊन आयला!"

काय तो जल्लोष! "केरळवाला! केरळवाला!" लोक नाचायला लागले. सोनाली रडत रडत गळ्यात पडली. मला खांद्यावर घेऊन फिरवलं. मॅडमनी विचारलं, "क्या बोल रहे हैं?" मी म्हटलं, "स्वागत कर रहे हैं."

आणि मी शूटिंग केलं बघा! जीव ओतून केलं. सोनालीच्या गालावरची हळद, मामाच्या डोळ्यातलं पाणी, सगळं टिपलं. मामी कॅमेऱ्यात डोकावली आणि किंचाळली, "अरे, हलद फिकी का रं दिसते?"

"रंग मागाहून भरायचा असतो, मामी. सिनेमात असंच असतं."

मॅडम म्हणाल्या, सगळ्या बॅचमध्ये असं काम कुणाचं नाही. आता मी कशाला खाली उतरतोय? जो भेटेल त्याला केरळ सांगत सुटलो. खाडीतून नावेने कसा फिरलो, हत्तीने सोंडेने कसा नमस्कार केला. लोक माना डोलावत होते. पुन्हा पुन्हा विचारत होते. आईसुद्धा पदर तोंडाला लावून ऐकत होती. मला वाटलं, गहिवरली.

निघताना मामाने बाजूला घेतलं. आता माझा मामा पाण्याचे टँकर चालवतो हे तुम्हाला सांगायचं राहिलंच. मलाही त्या आठवड्यात ते आठवलं नव्हतं.

"भाच्या, त्या फार्महाऊसला पानी कोन टाकतं?"

मी कॅमेऱ्याची लेन्स पुसायला लागलो.

"पयल्याच दिशी पायला तुला. वट्यावर दात घासत होतास. मंग मीच त्या बाईला बोललो, आमच्या हलदीला या."

"मामा! मग लोकांना काय सांगितलंत?"

"खरं ते सांगितलं. तू यायच्या आधीच, माईकवरनं. तुज्या आईला तर कवाच म्हाइत हाय."

मी मांडवाकडे बघितलं. सगळा मांडव माझ्याकडे बघत होता, तोंडं दाबून. मामाने माझ्या खांद्यावर हात टाकला आणि आत हाक मारली, "अगो, भायेर ये लवकर! भाचा नावंत कसा बसला ते तू आयकलं नाय ना?"

मामी हात पुसत बाहेर आली आणि समोर बसली. मग काय करणार? सांगितलं. आणि खोटं कशाला बोलू, ह्या वेळी सांगताना नावेत हत्तीही बसवला!