चौकटची दुर्री आणि शेवगावचं पाणी

करंजी घाटात उसाच्या दोन ट्रॉल्यांमागे आम्ही पंचवीस मिनिटं पहिल्या गिअरमध्ये होतो आणि शरद अजून चौकटच्या दुर्रीवरच होता.

"मी दुर्री का खेळलो असेन?"

"मला काय माहीत. सवय."

"चौकटचं एकच पान होतं माझ्याकडे."

"ते मला कसं कळणार? आधी कळवायचंस."

पुढच्या ट्रॅक्टरवर वरातीची गाणी लागली होती. आम्हा दोघांपेक्षा ती ऐकायला बरी होती.

शरद माझा ब्रिजमधला भिडू. अकरा वर्षं. ब्रिज न खेळणाऱ्यांसाठी: यात दोघा-दोघांच्या जोड्या असतात, आणि आपल्या भिडूच्या हातात काय आहे हे त्याला न विचारता ओळखायचं असतं. लग्नातही हेच करतात, पण तिथे गुण लिहीत नाहीत.

दोन महिन्यांपूर्वी एका स्पर्धेच्या शेवटच्या डावात शरदने चौकटची दुर्री खेळली. मी एक्क्याने हात घेतला. मग चौकट परत खेळायच्या ऐवजी हुकूम खेळलो. चौकट खेळलो असतो तर शरदने हुकमाने कापली असती, आणखी एकदा कापली असती, आणि समोरची जोडी पडली असती. ती पडली नाही. आम्ही पडलो. तेव्हापासून चूक कोणाची यावर आमची चर्चा सुरू आहे. मी तिला चर्चा म्हणतो.

राज्य निवड स्पर्धेत जोडीची नावं सोमवारी द्यायची होती. कोथरूडच्या मोहिनीताईंनी शरदला भिडू व्हायला विचारलं होतं. मोहिनीताई चांगलं खेळतात, हा त्यांचा दोष. शरदने अट घातली: शेवगावला बाईंकडे जाऊ, त्यांना डाव दाखवू. चूक त्याची निघाली तर तो माझी माफी मागेल. माझी निघाली आणि मी कबूल केली तर स्पर्धेला आमचीच नावं जातील. नाही केली तर तो मोहिनीताईंबरोबर.

मला निकालाची खात्री होती. मी तो डाव टाइप करून लॅमिनेट करून घेतला होता.

रस्त्याचं सांगायचं तर पुणे ते नगर चांगला आहे, शिक्रापूरपर्यंतचा सोडून, म्हणजे जिथे आपला अर्धा वेळ जातो तो सोडून. कागदपत्रांत आता अहिल्यानगर झालं आहे, कंडक्टर नगरच ओरडतो. नगरवरून करंजी घाट, तिसगाव, अमरापूर, शेवगाव. हिवाळ्यात गेलात तर उसाच्या ट्रॉल्या धरून एक तास जास्त ठेवा. आम्ही शनिवारी सातला निघालो आणि साडेबाराला पोचलो. बसस्थानकाजवळच्या लॉजवर दोघांची खोली नऊशेला. गरम पाणी सकाळी सहा ते सात, आणि ते सव्वासातला येतं.

बाई म्हणजे निवृत्त गणिताच्या शिक्षिका. नाव कोणीच घेत नाही, सगळं गाव बाई म्हणतं. दोन वर्षांपूर्वी नगरच्या स्पर्धेत त्यांनी आम्हाला हरवलं आणि नंतर एक शब्दही बोलल्या नाहीत. ब्रिजमध्ये अशी माणसं लक्षात राहतात. त्यांचे भिडू दामूअण्णा, कापसाचे आडते. अण्णांच्या दुकानामागच्या खोलीत हे लोक दर शनिवार-रविवार खेळतात. एक टेबल, चार खुर्च्या, कोपऱ्यात माठ, वर चार पितळी पेले. बाहेर कापसाचे टेम्पो. खुर्चीवरून उठलं की पँटला कापूस.

आधी जेवण. अण्णांच्या घरून शिपी आमटी आणि बाजरीच्या भाकरी आल्या. आमटी जिभेवर ठेवली आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं.

"तिखट हाय का वो?" अण्णांनी विचारलं.

"नाही, नाही."

"आसंल तर सांगा. न्हाई सांगितलं तर आजून वाढीन."

मी सांगितलं नाही. त्यांनी वाढली.

खेळायच्या आधी बाईंनी नियम सांगितला. "इथे डावाबद्दल बोलायचं नाही. ज्याची चूक त्याने उठायचं, माठातलं पाणी चौघांना द्यायचं, बसायचं. मग पुढची पानं वाटू."

"आणि चूक कोणाची हे ठरवतं कोण?" मी विचारलं.

"ज्याची असते त्याला ठाऊक असतं."

"त्याला नसेल ठाऊक तर?"

"मग आमी थांबतो," अण्णा म्हणाले. "मागं एक इंजिनियर आलते. पाऊन तास बसून हुते. म्या मदी जाऊन दोन टेम्पो भरून आलो."

माझ्या घरी ब्रिजवरची एकेचाळीस पुस्तकं आहेत. रोज पहाटे मी ॲपवर वीस डाव खेळतो. त्यामुळे ही प्रथा मला गमतीची वाटली. संध्याकाळपर्यंत शरद सात वेळा उठला, बाई एकदा, अण्णा तीनदा. मी एकदाही नाही. लॉजवर परतताना मी शरदला म्हणालो, आज तुझा दिवस नव्हता. तो म्हणाला, हं.

रविवारी सकाळी नाश्त्याला मिसळ, साठ रुपये, पाव हवे तेवढे. शेवगावात पाहायला काय आहे असं विचाराल तर मला माहीत नाही. मी माझा डाव पाहत होतो.

दहाला बाईंसमोर लॅमिनेट केलेला कागद ठेवला. त्यांनी तो दूर धरून वाचला. मी समजावायला सुरुवात केली: अशा स्थितीत हुकूम परत खेळणं हे शास्त्राला धरून आहे, पुस्तकांत तसं...

"कागद छान केलाय," बाई म्हणाल्या. मग त्यांनी पत्त्यांच्या जोडातून पानं काढून डाव टेबलावर मांडला. माझी पानं उघडी. डमी, म्हणजे समोरच्या जोडीतल्या एकाची खेळताना सगळ्यांना दिसणारी पानं, तीही उघडी. शरदची दुर्री. बाकी सगळं पालथं. "समोरच्यांनी बोली काय केली होती?"

"डमीच्या भिडूची पहिली बोली चौकट," शरद म्हणाला. "चौकट म्हटली की किमान चार पानं, असं त्यांच्या कार्डावर छापलेलं होतं."

"अण्णा, चौकट मोजा."

अण्णा कापसाची गाठ पाहावी तसे वाकले. "डमीत चार. ह्या पाव्हन्यांच्या हातात चार. बोली लावनाऱ्यानं चार कबूल क्येलेत. बारा झाली." त्यांनी दुर्रीवर बोट ठेवलं. "आन् ही तेरावी. संपली की चौकट. ह्यांच्याकडं आनखी कुठनं येनार?"

अण्णा सरळ झाले.

"मंग ह्यात इचारायचं काय हाय?" अण्णांनी मनापासून विचारलं.

मी टेबलाकडे पाहत होतो. चार, चार, चार, एक. हे तिसरीच्या मुलाला जमतं. माझ्याकडे एकेचाळीस पुस्तकं आहेत.

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. अण्णा हलले नाहीत. मग शरदची खुर्ची मागे सरकली. तो उठला आणि माठाकडे निघाला.

"शरदराव, बसा," बाई म्हणाल्या. "कालच्या सातांपैकी चार वेळा तुम्ही यांचं पाणी आणलंत. आम्ही बोललो नाही. आज बसा."

शरद बसला. मला कालचे डाव आठवू लागले. नको तेवढे स्पष्ट आठवले.

मी उठलो. चार पेले भरले, चौघांपुढे ठेवले, बसलो आणि म्हणालो, "चूक माझी. पण त्याने जरा आधी..."

बाईंनी पेला न उचलता माझ्याकडे पाहिलं. अण्णांनी आपला पेला खिडकीतून बाहेर ओतला आणि रिकामा पुढे केला.

मी पुन्हा उठलो. पुन्हा चार पेले. "माझी चूक. पण तेव्हा वेळ इतका कमी..."

"पाव्हनं," अण्णा म्हणाले, "माठ दुपारपत्तुर पुरंल. तुमी सावकास घ्या."

तिसऱ्यांदा पेले ठेवले. पितळेवर माझी बोटं ओली होती. मी काही बोललो नाही. बाईंनी पेला उचलला. शरदने उचलला, पूर्ण प्याला आणि रिकामा टेबलावर ठेवला. बाईंनी पानं पिसायला घेतली.

दोनला निघालो. वाटेत हिवरे बाजारला वाकडी वाट करून जायचा माझा बेत होता. तिथे गावाने पाणी कसं जपलंय ते पाहायचं होतं. शरद म्हणाला, पाण्याचं आज पुरे झालं.

सुप्याला चहा घेतला. डोंगरावरच्या पवनचक्क्या बंद होत्या. शरदने विचारलं, "मोजलं का नव्हतंस?"

माझ्याकडे तीन उत्तरं तयार होती. तिन्हींत वजनदार शब्द होते.

"मी तुझं पान बघितलंच नव्हतं," मी म्हणालो. "मी पुस्तकातला एक डाव आठवत होतो."

"किती वर्षं?"

"काय किती वर्षं?"

"बघत नाहीयेस."

चहावाल्याने वीस रुपये घेतले. गाडी मी चालवली. शिक्रापूरला दीड तास गेला. शरदला घरी सोडलं तेव्हा सात वाजले होते. मोहिनीताईंना काय सांगणार, हे तो बोलला नाही, मी विचारलं नाही. घरी येऊन पुस्तकांच्या कपाटासमोर जरा वेळ उभा राहिलो. पँटवर अजून कापूस होता. लॅमिनेट केलेला कागद शेवगावातच राहिला होता. त्यावर अण्णा पेले ठेवत असतील, आणि त्याचा तोच एक उपयोग आहे.

सोमवारी सकाळी आठला शरदने मोहिनीताईंना नकार कळवला. मग मला फोन करून नऊला सरावाला बोलावलं. मी गेलो. साडेनऊला आम्ही पहिला डाव वाटला. दहाला मी उठून पाणी आणलं.