पालीचे सहा फोटो

१९ मार्च. शिमग्याहून परतल्यावर पहिलं काम म्हणजे पालीच्या पेटीची काच पुसणं. सहा दिवसांत काचेवर विष्ठेचे पांढरे-काळे ठिपके वाळून बसतात, ते भिजवून खरवडावे लागतात. फडकं पिळून घेतलं आणि पाहिलं, तर काच लख्ख. जी पाल खात नाही, ती घाणही करत नाही.

ही आपली भिंतीवरची पाल नव्हे. मूळची मादागास्करची, बोटाएवढी, पोपटी, पाठीवर तांबडे ठिपके. दिवसा हिंडते, रात्री झोपते. परळच्या ज्या रुग्णालयात मी लॅबमध्ये काम करते, तिथल्या एका सहकाऱ्याने मुंबई सोडली तेव्हा नोंदणीच्या कागदांसकट ती माझ्याकडे आली. वाटीतलं पाणी ती पीत नाही. पानांवर फवारलं की थेंब चाटते. शिवाय कुस्करलेलं फळ, कॅल्शियमची पूड लावलेले किडे, दिवसभर दिवा. हातात धरायची नाही, कातडी फाटते.

हे सगळं मी खालच्या मजल्यावरच्या ताईला, माझ्या सख्ख्या बहिणीला, लिहून दिलं होतं. "जा गं बिनधास्त," ती म्हणाली. रोज सकाळी नऊला तिचा फोटो यायचा. 'बाईसाहेब मजेत.'

पाल पानामागे सापडली. कमरेची हाडं वर आली होती. फवारल्यावर चाटत राहिली, थांबेचना. मी फोन काढला. सहाही फोटोंत लांब, हिरवी शेपूट. ती शेपूट जानेवारीत पेटीच्या दारात अडकून तुटली. नवी आली ती आखूड आणि मातकट. हे फोटो दिवाळीत मीच ताईला पाठवले होते. गावी मी ते धड पाहिलेही नव्हते.

खाली गेले. ताई मेथी निवडत होती.

"वर गेली होतीस?"

"पहिल्या दिवशी गेले ना. दार सरकवलं तर टुणकन काचेवर! ओरडतच खाली आले. परत आंघोळ केली."

"मग सांगायचं होतंस. दुसऱ्या कुणाला तरी विनवलं असतं."

"वर्षातून एकदा गावाला जातेस, तुझ्या जिवाला घोर कशाला? आणि पालच ना ती! घरात चिलटं काय कमी आहेत?"

"ती बंद पेटीत असते, ताई."

"मेली नाही ना? मग झालं. चहा टाकू?"

चहा घेतला नाही. भीती मला समजते. पण रोज नऊ वाजता जुना फोटो शोधायचा, त्याखाली ओळ लिहायची, हे भीतीने होत नाही. त्याला सवय असावी लागते.

आई शेवटचा महिनाभर गावी होती, ताई तिच्याजवळ. मला रजा नव्हती. रोज निरोप यायचा, 'आज बरी आहे.' त्या निरोपांवर मी इथे थांबले आणि पोचले तेव्हा उशीर झाला होता.

२० मार्च. सकाळी पाणी फवारलं, दिवा लावला, आणि कपाटातून आईची त्या महिन्यातली फाइल काढून रिपोर्टांवरच्या तारखा ताईच्या जुन्या निरोपांशी एकेक करून ताडून पाहायला बसले.