सप्रेम भेटीचा मुद्देमाल

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण पंगतीत बसलो आणि समोर स्टीलचं ताट आलं की मला हटकून एकच प्रकरण आठवतं. त्यातली नावं मी सांगणार नाही. एकाचं मात्र लपवून भागणार नाही, तो कोण ते पुढे कळेलच.

तेव्हा मी नागपुरात इतवारीजवळच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपून चहा घेत होतो, तोच एक गृहस्थ आले. कडक इस्त्री, कपाळाला ठसठशीत टिळा.

"साहेब, जागरूक नागरिक म्हणून सांगून राहिलो," ते कुजबुजले. "मागच्या गल्लीतल्या मावशीकडे चोरीची भांडी हायेत. खोली भरून! एकेका ताटावर एकेकाचं नाव. माझं नाव तेवढं येऊ देऊ नका."

जो स्वतःला जागरूक म्हणवतो, त्याची झोप कशानं तरी उडालेली असते, हा माझा अनुभव. त्या दिवशी तो अनुभव मी चहाबरोबर गिळला. कारण भांडीचोरीइतका सोपा तपास दुसरा नाही. आपल्याकडे आहेरातल्या वाटीवरही नाव कोरलेलं असतं. नाव वाचायचं, मालकाला बोलवायचं, ओळख पटवायची, संपलं. दुपारी हवालदार, महिला शिपाई आणि दोन पंच घेऊन मी मावशीच्या दारात उभा राहिलो.

खबर खरी निघाली. ताटं, वाट्या, पराती, भाताचे गंज म्हणजे मोठाली पातेली, सगळं छतापर्यंत रचलेलं. आणि खरोखरच एकावरचं नाव दुसऱ्याशी जुळत नव्हतं. अख्खी गल्ली बघत असताना आम्ही तो माल गाडीत भरला आणि मावशीलाही ठाण्यात आणलं. बाई साठीची, अंगानं काटकुळी, पण घाबरायचं नाव नाही.

"ही भांडी कोणाची?"

"लोकायची."

"तुमच्याकडे कशी आली?"

"लोकायनंच आणून देल्ली."

"काहून?" रागाच्या भरात मीही नागपुरीवर आलो.

"माळ्यावर पडून होती म्हणून. आहेरातली भांडी कोण वापरते गा साहेब? मी मागून आणली. आता लग्न असो, बारसं असो, तेरवी असो, इथून न्या, जेवा, घासून वापस करा. मांडवामागं पत्रावळ्यायचा ढीग नाई, काई नाई. कोराडीच्या वसाहतीतूनबी माणसं येतात न्यायले."

मी हसलो. "आणि लोक परत करतात?"

"काहून नाई करत? त्याचंबी ताट कोणाच्या तरी घरी गेलेलं असते ना!"

एवढ्यात एक माणूस धापा टाकत आत आला आणि हात जोडून उभा राहिला. "साहेब, उद्या पोरीचं लग्न हाय. वऱ्हाड खापरखेड्याहून येऊन राहिलं. सारी भांडी मावशीचीच ठरली होती. आता पंगत काय हातावर वाढू?"

"चौकशी पूर्ण झाल्याशिवाय मुद्देमाल हलणार नाही," मी ठणकावलं. तो मटकन बाकावर बसला. मावशी तेव्हा पहिल्यांदा विनवणीवर आली. "मले ठेवा आतमंदी, पण पोरीच्या पंगतीची भांडी सोडा. आज चोराची म्हनली, तर उद्यापासून कोण देईन मले भांडं?"

मला वाईट वाटलं, पण खाकीत ते दाखवायची सोय नसते. मी हवालदारांवर ओरडलो, "पंचनामा लिहायला घ्या! नाव मोठ्यानं वाचा. ज्याचं निघेल त्याला उचलून आणा."

दोन ताटं वाचून झाली. मग एक परात हातात घेऊन हवालदार थबकले.

"साहेब, यायले उचलून आणता येनार नाई."

"का? मोठा माणूस आहे? कोणी का असेना, आणा!"

"ते अगोदरच ठाण्यात हायेत, साहेब."

परातीवर माझं आणि बायकोचं नाव होतं. खाली 'मामाकडून सप्रेम भेट'. पंचांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मी घरी फोन लावला.

"आपली माळ्यावरची परात कुठं आहे?"

"मावशीकडे देऊन टाकली. काहून? कणीक मळून राहिले का ठाण्यात?"

"मला विचारायचं तरी!"

"परात आहे हे तरी माहीत होतं का तुमाले?"

फोन ठेवला. बाकावरचा वधूपिता आपल्याशीच बोलत होता, "आता त्या पत्रावळीवाल्याच्याच पाया पडा लागते. सकाळपासून टेम्पो लावून बसला हाय दारात. म्हनते, भांडी येत नाई तुमची, थर्माकोलची ताटं घ्या."

"सकाळपासून?" मी कान टवकारले. आमची धाड तर दुपारची. सकाळी ही गोष्ट दोघांनाच ठाऊक होती, मला आणि खबऱ्याला.

टेम्पोजवळ इस्त्री आणि टिळा दोन्ही सापडले. थर्माकोलच्या ताटांवर बंदी होतीच, तेव्हा मुद्देमाल कक्षाची जागा वाया गेली नाही. येऊ देऊ नका म्हणालेलं नावही स्टेशन डायरीत आलं.

पंचनाम्यावर सह्या व्हायच्या होत्या, माल अजून कागदावर जप्त झाला नव्हता, म्हणून मी वाचलो. "मावशी, चूक झाली. न्या तुमची भांडी," मी म्हणालो. बाई हलेना.

"अशी नाई नेत. जो नेते तो घासून देते, नियम हाय. अन् नेतानी साऱ्या गल्लीनं पाह्यलं, आनतानीबी पाहू द्या."

ठाण्याच्या आवारातल्या नळावर आम्ही भांडी घासली. हवालदारांचा हात माझ्यापेक्षा बरा चालत होता. मग गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबवून मी ती परात डोक्यावर घेतली आणि वर्दीत चालत निघालो, मावशी पुढे, आम्ही मागे. बाया दारात आल्या. एक ओरडली, "पाहा वं, साहेब रुखवत घेऊन आला!" मावशी हसली, आणि माझ्या मनावरचं ओझं उतरलं. डोक्यावरचं तेवढं राहिलं.

दुसऱ्या दिवशी पंगत झाली. मी आग्रहाखातर जेवलो आणि ताट स्वतः घासलं.

या प्रकरणानं मला शिकवलं ते एवढंच. नाव कोरलं म्हणजे वस्तू आपली झाली, असं मी समजत होतो. पण माळ्यावर धूळ खात पडलेली परात कुणाचीच नसते. निवृत्त झालो तेव्हा स्टाफनं मला नाव कोरलेला मोठा गंज भेट दिला. बायकोनं तो घरी येऊच दिला नाही, समारंभातूनच रिक्षा मावशीच्या गल्लीत वळवली.

परवा एका तेरवीत त्याच गंजातून भात वाढत होते. शेजारचा माणूस नाव वाचून म्हणाला, "हा कोण हाय गा? मोठा दानी मानूस दिसते."

मी म्हणालो, "दानी कसला! बायकोनं धरून देल्लं त्याले."