आधी वास घे

त्या वर्षी आमच्या माहेरी कापूस घरात राहायला आला होता. ठेवला होता असं मी म्हणत नाही, राहायलाच आला होता. ढाणकीजवळचं आमचं गाव, घरात आई आणि माझा धाकटा भाऊ, दोघंच. वडील जाऊन बरीच वर्षं झालेली, भावाचं लग्न अजून व्हायचं होतं. कापसाला भाव नाही म्हणून सगळं गाव थांबलं होतं. भाऊ गाडी भरून ढाणकीला न्यायचा, भाव ऐकायचा आणि भरली गाडी तशीच परत आणायचा. "इतक्यात कायले विकू? थांबू उलीसे दिवस," म्हणायचा. मग कापूस ठेवायचा कुठं? आधी ओसरीमागच्या खोलीत भरला. मग पलंग बाहेर काढून मधल्या घरात. शेवटी सैपाकघरातही आला, भिंतीला लावून पार वरपर्यंत. घरातली माणसं कापसाला जागा देत देत कडेकडेनं चालायची. अंगाला खाज सुटायची ती वेगळीच.

मी उमरखेडला. नवऱ्याची कचेरीत नोकरी, पक्कं घर, ओट्यावर गॅस. शहरात राहायला लागलं की माणसाचं नाक लगेच नाजूक होतं. ज्या धुरात मी लहानाची मोठी झाले, त्याच धुरानं आता माझे डोळे चुरचुरायचे आणि डोकं फिरायचं. आई चुलीपुढं फुंकणी घेऊन बसायची, पऱ्हाट्या मोडून आत सारायची, खोकायची, पदरानं डोळे पुसायची. पऱ्हाट्या म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उपटलेली कपाशीची वाळकी झाडं. आमच्याकडं घरोघरी तेच जळतन. मी भावाच्या इतकी मागं लागले, इतकी मागं लागले, की शेवटी वैतागून त्यानं गॅस आणला.

जोडणी करायला आलेल्या माणसानं चार गोष्टी समजावल्या. तो गेल्यावर मी त्या आईकडून पाठ करून घेतल्या. मास्तरीणबाईच झाले मी त्या दिवशी.

"वास आला तं काय करायचं?"

"खिडकी उघडायची. काडी नाही ओढायची. बटन नाही दाबायचं."

"आन मंग?"

"मंग बाहेर जाऊन बोंबलायचं."

भाऊ खो खो हसला. मी आईची पाठ थोपटली. ती माझ्या तोंडाकडं पाहत होती, मी खुश झाले की नाही ते बघत. ते पाहणं तेव्हा मला दिसलं, कळलं मात्र नाही.

गॅस आला, पण आई तो वापरेल तर शपथ! सिलिंडरला तिनं जुन्या लुगड्याचं पांघरूण घातलं, दसऱ्याला हळदीकुंकू वाहिलं आणि सैपाक चुलीवरच चालू ठेवला. मी बोलले की म्हणायची, "पऱ्हाट्या अंगनात पडून हायेत फुकटच्या, आन मी गॅस जाळू? पाप लागन मले." पाहुणा आला तरच गॅस. आणि तोही कसा! आधी कपानं मोजून पाणी घ्यायची. साखर, पत्ती, दूध सगळं हाताशी. आलं ठेचून तयार. गाळणी कपावर ठेवलेली. भांड्याचं बूड फडक्यानं पुसून कोरडं करायची, कारण ओलं बूड वाळवण्यात जाळ फुकट जातो. एवढं सगळं मांडून झालं की मगच काडी ओढायची. मला घाई असायची, मी चिडायची. "आई, चहा करून राह्यली का सत्यनारायण मांडून राह्यली?" ती शांतपणे म्हणायची, "खाली जाळ कायले जाळायचा? तो बी कोणाच्या तरी जमिनीतूनच येते नं."

मग कापूस सैपाकघरात आला. एकदा मी माहेरी गेलेले असताना चुलीतून ठिणगी उडाली, ती थेट कापसाच्या अंगाशी. आईनं हातानं विझवली आणि काहीच न झाल्यासारखी भाकर थापत बसली. माझं डोकंच सटकलं. मी दोघांनाही फैलावर घेतलं. कापूस आणि चूल एका खोलीत? अक्कल गहाण टाकली का तुम्ही? आणि कोपऱ्यातली लोखंडी सब्बल, तुमची पहार, उचलून मी ती चूल फोडली. आईनं स्वतःच्या हातानं घातलेली, दर सणाला सारवलेली चूल. ती दारात उभी राहून पाहत होती. "फोड वं माय, फोड," म्हणाली, "होऊ दे तुह्या मनासारखं."

मी खुश होते, खोटं कशाला बोलू? गॅसची ठिणगी उडत नाही, आईला धूर नाही, दोन्ही कामं एकदम झाली. घरी येऊन नवऱ्यालाही ऐटीत सांगितलं.

पुढं काय काय होत गेलं ते मला नंतर तुकड्यातुकड्यानं कळलं. वाऱ्यानं कापसाचे तंतू उडून जाळावर यायचे, म्हणून सैपाकघराची एकुलती एक खिडकी भावानं बंद केली आणि तिला लावूनही कापूस रचला. सिलिंडर कोपऱ्यात गेला, कापसाच्या आड. त्याच्यावरचं बटन रोज बंद करायचं तर आईला वाकून, कापसात खांद्यापर्यंत हात घालावा लागायचा. मग ते उघडंच राहू लागलं. आणि सरकी आली की उंदरं येतात, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण उंदरं कापूस नासवतात एवढीच काळजी सगळ्यांना. त्यांना रबरी नळीही आवडते हे कोणाच्या मनात आलं नाही. मी तर चूल फोडून मोकळी झाले होते. मी काय पाहणार?

माझी एक जुनी सवय होती. गावाच्या फाट्यावर एसटीतून उतरायचं, चालत घरापाशी यायचं आणि फाटकातूनच ओरडायचं, "आई, चहा ठेव वं!" लग्न झाल्यापासून हेच. माझा आवाज आला की आई असेल तिथून उठायची.

त्या दिवशीही मी तशीच ओरडले.

"ठेवते, ठेवते!" आतून आईचा आवाज आला.

मी ओसरीवर चढले, चपला काढल्या आणि वास आला. सडक्या कांद्यासारखा, नाकात बसणारा. एक क्षण वाटलं, कापूसच कुठं कुजला असेल. मग उमगलं, हा गॅस. मी किंचाळले, "आई, काडी ओढू नको!" आतून नुसता वरवंट्याचा आवाज येत होता, ठक ठक ठक. कापूस आणि भिंत यांच्यामधल्या बोळीतून मी कशी आत घुसले माझं मला माहीत. पदर अडकला, तो ओढला, फाटला.

आई पाट्याशी बसून आलं ठेचत होती. शेगडीवर भांडं ठेवलेलं, पाणी घातलेलं, शेजारी कप, कपावर गाळणी. आणि कपाजवळ आगपेटी. सगळी तयारी झाली होती, फक्त आलं तेवढं राहिलं होतं.

मी आगपेटी हिसकावली आणि आईला दंडाला धरून फरफटत बाहेर नेलं. "अवं, आलं तं ठेचू दे!" ती म्हणत होती. "काय झालं? बह्याड झाली का तू?" अंगणात लिंबाखाली तिला सोडलं आणि मी बोंब मारली. भाऊ गोठ्यातून धावत आला, शेजारची माणसं आली. त्यांनी दारं सताड उघडली, हातानं कापूस ओढून खिडकी मोकळी केली, बटन बंद करून सिलिंडर उचलून पार अंगणाच्या टोकाला नेला. कोणी दिव्याच्या बटनाला हात लावायचा नाही म्हणून मी ओरडतच होते. नळी कुरतडलेली होती. उंदराचे दात स्पष्ट दिसत होते.

मी ज्या सावकाशीवर चिडत होते, त्या सावकाशीनं माझी आई वाचली. मी असते तर आल्याच्या आधी काडी ओढली असती.

माणसं पांगल्यावर मी आईवर घसरले. भीती उतरली की मला राग येतो, माझा स्वभावच वाईट. "इतका वास सुटला होता, आई! फाटकापर्यंत यायचा बाकी होता! आन तू आलं ठेचत बसली?"

"कायचा वास?" ती म्हणाली.

आम्ही दोघं भावंडं तिच्याकडं पाहत राहिलो. तिनं आधी त्याच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि घाईघाईनं म्हणाली, "येत असन. मले समजलं नसन."

मोरीच्या बाजूला तिनंच लावलेला सांबार होता, तुम्ही कोथिंबीर म्हणता तो. मी काड्या उपटल्या, तळहातावर चुरगळल्या, तिला डोळे मिटायला लावले आणि हात तिच्या नाकाशी धरला. तिनं मोठा श्वास घेतला. मग परीक्षेला बसल्यासारखी, घाबरत, हळूच म्हणाली, "मोगरा हाय का?"

"कवापासून, आई?"

"कोन जाने वं. धुरात बसून बसून गेलं असन. तुमी लहान होते तवाच."

"सांगितलं काहून नाही?"

"कायले सांगू? काय अडते त्याच्यावाचून? भाकर करपली तं दिसते. दूध उतू गेलं तं आयकू येते."

मला एकेक आठवायला लागलं. मी उमरखेडहून साबण नेला की ती नाकाशी धरून म्हणायची, काय झ्याक वास हाय. आमटीवर सांबार टाकून म्हणायची, वास कसा सुटला पाहा. सगळं आम्हाला बरं वाटावं म्हणून. "मंग मी शिकवलं तवा?" मी विचारलं. "वास आला तं काय करायचं, ते पाठ म्हणून दाखवलं नं तू?"

"तुह्या तोंडाकडं पाहून म्हनलं. तू किती खुश झालती."

तीच पुढं बोलली. "पोराचा कापूस जळला असता वं आज माह्यापायी," म्हणाली आणि डोळ्याला पदर लावला. कापूस! स्वतःचा जीव गेला असता त्याचं काही नाही, कापूस जळला असता म्हणून ही बाई अपराध्यासारखी रडत होती. अपराध कोणाचा, रडतं कोण. मी तिथंच मातीत बसले आणि मोठ्यानं रडले.

उमरखेडच्या डॉक्टरला दाखवलं. त्यानं तपासलं आणि आता परत येणं कठीण म्हणाला. भावानं सैपाकघरातला कापूस काढला, नवी नळी आणली आणि गॅस ओसरीच्या कोपऱ्यात, उघड्यावर मांडला. चूल परत घालू का, असं आईनं विचारलं नाही आणि मीही घाल म्हटलं नाही. घरात अजून कापूस होताच. निघताना मी नवा नियम घालून दिला, नेहमीच्याच चढ्या आवाजात. "कोणाले तरी आधी वास घ्यायले लावायचं. कोणी नाही येत म्हटलं, तवाच काडी ओढायची. समजलं?" आईनं मान हलवली.

नंतर मी गेले तेव्हा फाटकातून ओरडले नाही. ती सवय त्या दिवशीच सुटली. दुपार टळत आली होती. गल्लीत चिटपाखरू नव्हतं, सगळं गाव पऱ्हाट्या उपटायला शेतात गेलेलं. आई ओसरीच्या पायरीवर बसून रस्त्याकडं पाहत होती.

शेगडीवर भांडं ठेवलेलं होतं. पाणी घातलेलं, शेजारी कप, कपावर गाळणी. साखरेला मुंग्या लागल्या होत्या. ठेचलेलं आलं वाळून काळं पडलं होतं. खालच्या पातेल्यात भिजत घातलेली डाळ फुगून वर आली होती.

"भाऊ कुठं हाय?"

"झुंजुरकाच गेला वावरात, अंधार असतानाच. भाकर रातचीच बांधून नेली त्यानं."

"आन तू? जेवली नाही? चहा बी नाही घेतला?"

"कोनी आलंच नाही वं रस्त्यानं," ती म्हणाली. तक्रार नव्हती. मी सांगितलेलं तंतोतंत पाळल्याचा थोडा अभिमानच होता आवाजात. मग गुडघ्यावर हात ठेवून उठली. "बरं झालं तू आली. ये, आधी वास घे."

मी शेगडीपाशी वाकले. नळीशी नाक नेलं. श्वास घेतला, पुन्हा घेतला. डोळे केव्हाचे वाहत होते आणि रडून नाक पार चोंदून गेलं होतं. मलाही काही समजेना.

"येते का?" आईनं विचारलं. तिच्या हातात आगपेटी होती.

"थांब, आई," मी म्हटलं. "कोनी येते का पाहू." आणि आम्ही दोघी पायरीवर बसून रस्त्याकडं पाहत राहिलो.