पाया लेबारच्या नूडल्स आणि बाबांचा रुमाल

बाबा ‘येतो’ म्हणाले आणि त्यांचं मत फिरायच्या आत मी तिकिटं काढून मोकळी झाले. त्यांचा काही भरवसा नाही. सकाळी हो, संध्याकाळी ‘मी कधी म्हणालो?’ साताऱ्याला पाटबंधारे खात्यात आख्खी नोकरी केलेला, वयाच्या शहात्तरीपर्यंत विमानात न बसलेला माणूस, आणि मी त्यांना सिंगापूरला तैवानी नूडल्स खायला नेत होते. ब्लॉगचे जुने वाचक म्हणतील, शुभाला आता हे नवीन खूळ.

खूळ नव्हतं. माझा धाकटा भाऊ मंदार जहाजावर इंजिनीअर आहे. दोन वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा तो भर समुद्रात होता. जहाजावरून फोन आला, तो बाबांनी घेतला, आणि ठेवल्यावर एवढंच म्हणाले, “येत नाही म्हणतो.” त्या दिवसापासून बापलेकांचं बोलणं बंद. पुढे मंदार घरी आला तर बाबा आतल्या खोलीतून बाहेरच आले नाहीत. त्याला विचारलं तर तो म्हणे, “ताई, मी त्यांना सगळं सांगितलं होतं. त्यावरही राग धरायचा असेल तर धरू दे.” दोघं एकापेक्षा एक हेकट. मधल्या मध्ये मी लोंबकळत!

मग या मे महिन्यात त्याचा मेसेज आला. जहाज दोन दिवस सिंगापूरला थांबणार, एका दुपारी त्याला शोअर पास मिळणार, म्हणजे किनाऱ्यावर यायची परवानगी. ‘बाबांना आणशील? कुणाच्या घरी नको. पाया लेबारला तैवानी नूडल्सचं दुकान आहे, तिथे दोन वाजता. चारच्या लाँचने मला परत जहाजावर जायचंय.’ घरी का नको, ते मला कळलं. चार माणसांत बाबा आवाज चढवत नाहीत. त्यानंतर त्याचं जहाज ब्राझीलकडे निघणार, म्हणजे पुढचे सात-आठ महिने नाव नको. बाबांचं वय बघता मला सरळ सरळ भीती वाटत होती, की आता नाही तर कधीच नाही.

कामाचं थोडं सांगते. व्हिसा एजंटकडून ऑनलाइन झाला, उतरण्याआधी भरायचा फॉर्म मोबाइलवरच भरला. आम्ही ईस्ट कोस्टला मावसबहीण वैदेहीच्या कॉन्डोत उतरलो. पहिल्या दिवशी बाबांना समुद्राकाठी फिरवलं. समुद्रात दूरपर्यंत जहाजं नांगर टाकून उभी. बाबा एकेका जहाजाकडे बघत होते, पण ‘त्याचं कुठलं?’ हे काही त्यांच्या तोंडून निघालं नाही. वैदेहीच्या लेकीने विचारलं, “आजोबा, चॉपस्टिक्स कॅन ऑर नॉट?” बाबा म्हणाले, “हाताला काय धाड भरलीय?” पोरगी हसत सुटली, “हँड ऑल्सो कॅन ला!” इथल्या इंग्रजीला हे ‘ला’चं शेपूट असतंच.

दुसऱ्या दिवशी साडेबाराला बसने पाया लेबार. स्टेशनभोवती ऑफिसांचे मनोरे आणि मॉल, पण पाच मिनिटं चाललं की मागे जुनी बैठी दुकानं लागतात. इथे एका हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे छपराखालच्या खाऊगल्लीत, दोन-तीन तैवानी स्टॉल आहेत. मुद्दाम लवकर गेले, म्हटलं बाबांचं पोट भरलेलं असलं की डोकं शांत राहतं. पण नेमकी ऑफिसांच्या जेवणाच्या सुट्टीची वेळ! हीऽऽ गर्दी. ताटांचा खडखडाट, कढयांचा चरचराट. बाबांचं कानाचं मशीन सहा महिन्यांपूर्वीचं, अजून अंगवळणी पडलेलं नाही. त्यांनी वैतागून ते काढलं. “डोक्यात किर्र होतंय नुसतं.”

टेबलांवर टिशूची पाकिटं ठेवलेली दिसली. मी त्यांच्या कानाशी ओरडून समजावलं, की जागा धरून ठेवायला इथले लोक असं पाकीट टाकतात आणि खुशाल रांगेत उभे राहतात. याला इथे ‘चोप’ करणं म्हणतात. चोप म्हणजे मार नव्हे. बाबांचा चेहरा असा खुलला! “अगं, म्हणजे आपला एसटीतला रुमाल!” आणि खिडकीतून टाकावा तसा त्यांनी हातातला रुमाल रिकाम्या टेबलावर भिरकावला. दोन वर्षांत मी त्यांना इतकं खूश पाहिलं नव्हतं.

खाण्याचं सांगते, कारण तुम्ही त्यासाठीच आला आहात. पातीच्या कांद्याची पोळी आधी घ्या. तव्यावर दोन चमच्यांनी चुरगळून पापुद्रे मोकळे करतात, वर अंडं. पाच-सहा डॉलर पडतात, मनातल्या मनात रुपये करत बसू नका, घास गोड लागणार नाही. मग तुळशीची पानं घालून तळलेले चिकनचे तुकडे, वर मिरपूड. रताळ्याचे पोकळ गोळे तर बाबांनी एकट्याने संपवले. दुधाच्या चहात साबुदाणा बघून मात्र ते म्हणाले, “उपास मोडायचा की धरायचा ते ठरवा म्हणावं आधी.”

ताट घेऊन आलो तेव्हा टेबल लख्ख पुसलेलं होतं आणि रुमाल गायब. सफाईच्या बाईंनी उचलला असणार. “जाऊ दे,” बाबा म्हणाले, “जुनाच होता.” आम्ही दुसरीकडे बसून खाल्लं.

नूडल्सचं दुकान तिथून दहा मिनिटांवर. आठ टेबलं, प्रत्येक टेबलावर छापील चिठ्ठ्यांचं पॅड आणि बोटभर पेन्सिल. हवं त्या पदार्थापुढे खूण करायची आणि चिठ्ठी काउंटरवर द्यायची, बोलायचं कामच नाही. पावणेदोनला आम्ही बसलो. बाबांनी विजारीचा खिसा चाचपला. मग सदऱ्याचा. मग परत विजारीचा.

“शुभे,” ते म्हणाले, “मशीन रुमालात होतं.”

मी उठलेच. तेवढ्यात दार उघडून मंदार आत आला. काळवंडलेला, केस कानांपाशी पांढरे झालेले. तो बाबांच्या पाया पडला आणि काहीतरी म्हणाला. बाबा त्याच्या ओठांकडे बघत राहिले. त्यांना एक अक्षर कळलेलं नव्हतं आणि ते कबूल करायला ते तयार नव्हते. मान फिरवून बसले. मंदारला वाटलं, बाबा अजून तसेच.

“अरे, ऐकू येत नाहीये त्यांना!” मी जवळजवळ किंचाळले. “मशीन हरवलंय.”

“मी जातो शोधायला.”

“तू हलायचं नाहीस. किती वाजता निघायला हवं तुला?”

“तीन-दहा. फार तर सव्वातीन.”

मी पळाले. मे महिन्याचं सिंगापूरचं ऊन, अंगाला चिकटलेला कुर्ता, आणि सिग्नलचा लाल माणूस हिरवा व्हायचं नाव घेईना. मला रडू यायला लागलं. विमानाने समुद्र ओलांडून मी या दोघांना एका टेबलावर बसवलं, आणि एकाला ऐकूच येत नाही! कुणी टाकायला लावला तो रुमाल? मीच ना, मोठी चोप शिकवायला गेलेली.

सफाईच्या बाई सापडल्या, पण त्यांना इंग्रजी येईना. मी कानाला हात लावते, हवेत रुमाल उडवते. लोक बघायला लागले. शेवटी पोळीवाल्या काकांनी त्यांना चिनीत विचारलं. बाईंनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि मागच्या मोरीकडे नेलं. बाबांचा रुमाल धुऊन नळावर वाळत घातलेला! माझा जीव गेला. मग त्यांनी फळीवरून चटणीची झाकणाची डबी काढली. आत कोरड्या टिशूवर मशीन. त्या तावातावाने काहीतरी बोलल्या. काका हसत म्हणाले, “ती म्हणते, इतकी महाग वस्तू कोणी टाकतं का? चोप करायला टिशू यूज ला!” मी बाईंचे दोन्ही हात धरले. त्यांनी सोडवून घेऊन मला ओला रुमालही दिला.

दुकानात परतले तेव्हा तीनला पाच कमी. काउंटरवरच मालकिणीने मला अडवलं. हातात एक चिठ्ठी. “मिस, तुझ्या भावाने हे काय लिहिलंय? ऑर्डर समजून मी टेबलावरून उचललं, पण स्वयंपाकघरात कुणाला कळत नाही. कोथिंबीर नको का?”

पदार्थांच्या यादीवर आडवं, मंदारच्या अक्षरात लिहिलेलं होतं: ‘मी “येत नाही” म्हणालो नव्हतो. मी म्हणालो होतो, येता येत नाही.’

मी ती दोनदा वाचली. जहाजाचा खरखरता फोन आणि बाबांचे तेव्हाच मंद होत चाललेले कान. एक ‘येता’ गळला आणि त्यावर दोन वर्षं गेली. बाबांनी मला त्यांनी ऐकलेलं वाक्य सांगितलं, मंदारने ‘सगळं सांगितलं’ म्हटलं, आणि मी, दिवसभर शब्दांशी खेळणारी शहाणी, ती दोन वाक्यं कधी शेजारी शेजारी ठेवून बघितली नाहीत.

टेबलावर चिठ्ठ्यांचा खच पडला होता. मंदारने बाबांसाठी मागवलेल्या तिळाच्या वाटणातल्या नूडल्स तशाच गार झालेल्या. बाबा पेन्सिल हातात धरून बसले होते, पण लिहीत नव्हते. मी ती चिठ्ठी आणि मशीन त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी मशीन कानात बसवलं. ते एकदा शिट्टीसारखं वाजलं.

“आता बोल,” बाबा म्हणाले.

“काय बोलू?”

“हेच. लिहिलंस ते. तोंडानं बोल.”

मंदारने घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. “बाबा,” तो म्हणाला, “येता येत नाही.”

“परत.”

“येता येत नाही बाबा. पुढचं बंदर अकरा दिवसांवर आहे. कॅप्टनला विचारलं, काही मार्ग नाही. आईला...” चौतीस वर्षांचा माणूस, भर दुकानात हुंदके द्यायला लागला.

“मला ‘येता’ ऐकू आलं नाही रे,” बाबा म्हणाले. “कान तेव्हाच गेले होते माझे. मीच मान्य करत नव्हतो.”

तीन वाजून बारा मिनिटं. मंदार उठला. “बस,” बाबांनी त्याचा हात धरला, “दोन घास खा, मग जा.” मी म्हटलं, “बाबा, लाँच चुकेल!” पण त्यांनी ऐकलं नाही, आणि या वेळी दोष मशीनचा नव्हता. एकाच वाडग्यातून दोघांनी त्या गार नूडल्स खाल्ल्या, बाबांनी हाताने. संक्रांतीला तीळ खाऊन गोड बोलायचं असतं, आमच्या घरात ते मे महिन्यात जमलं.

मग मात्र आम्ही धावलो. पाया लेबारहून एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, रॅफल्स प्लेसला गाडी बदलायची, तिथून मरीना साउथ पिअर. बाबा सरकत्या जिन्यावरही पायऱ्या चढत होते. धक्क्यावर पोचलो तेव्हा चारला तीन मिनिटं होती. मंदारने आधी मला मिठी मारली, मग बाबांना. बाबा म्हणाले, “पोचलास की फोन कर.” जणू तो पुण्याला निघाला होता. लाँच दिसेनाशी होईपर्यंत आम्ही उभे होतो.

साताऱ्याला येऊन आता चार महिने होतील. पाया लेबारला गेलात तर पोळी आणि रताळ्याचे गोळे सोडू नका, तिळाच्या नूडल्स गरम असतानाच खा, आणि जागा धरायला टिशूच वापरा. ती चिठ्ठी बाबांच्या मशीनच्या डबीत आहे. त्यांना ती दाखवा म्हटलं तर दाखवत नाहीत.

परवा गणपतीच्या आरतीला शेजारपाजारचे जमले होते, तेवढ्यात मंदारचा फोन आला. बाबांनी टाळ खाली ठेवले, कानातलं मशीन नीट बसवलं आणि ऐकलं. शेजारच्या काकूंनी विचारलं, “काय, येत नाही का लेक यंदा?”

“येत नाही नव्हे,” बाबा म्हणाले. “येता येत नाही.”