डावीकडेच वळणारी नणंद

अख्ख्या रायपुरात मागे वळून न पाहता म्हातारी झालेली बाई एकच, ती म्हणजे माझी नणंद. यात वैराग्य वगैरे काही नव्हतं. तिच्या मानेच्या मणक्यांमधल्या गाद्या झिजल्या होत्या. नोकरीभर सरकारी कचेरीत टायपिंग केलं. कागद डावीकडे, यंत्र समोर, आणि मान बिचारी दोघांच्या ओढाताणीत. डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून सांगितलं की गाद्या संपल्यात, हाडावर हाड आलंय. ही म्हणाली, "पिंजून नाही मिळत का?" डॉक्टर हसले नाहीत. हसले असते तर पुढे तिनं त्यांचं थोडंफार ऐकलं असतं.

लग्न तिनं केलं नव्हतं. चौबे कॉलनीतल्या आमच्या घरी, म्हणजे तिच्या धाकट्या भावाच्या घरी, ती आमच्यातच राहायची. मागून कोणी हाक मारली की पायांपासून सुरुवात करून सगळीच्या सगळी वळायची, परेडमधल्या शिपायासारखी. वळेपर्यंत हाक मारणारी बाई पुढे निघून गेलेली असायची आणि कॉलनीभर सांगायची की यांची नणंद फार घमेंडी आहे. मान हलवून होकार देणं जमेना, म्हणून शेजारच्या छत्तीसगढी बायकांचा "हव" तिनं उचलला आणि असा ठणकावून म्हणायला लागली, की भाजीवाला घाबरून दोन मिरच्या जास्त टाकायचा. मान धरून ठेवायला डॉक्टरांनी दिलेल्या गळ्यातल्या पट्ट्याला तिनं ब्लाउजच्या उरलेल्या कापडाच्या खोळी शिवल्या होत्या. रोजच्याला सुती, लग्नाला कोसा रेशमाची, काठासकट. एका लग्नात वरमाईनं मला बाजूला घेऊन विचारलं, हा दागिना कोणत्या सराफाकडे मिळतो.

उपाय सांगायला तर अख्खी कॉलनी यायची. कोणी लसणाचं तेल, कोणी ओव्याची पुरचुंडी, कोणी उशीखाली ठेवायची मुळी. ही प्रत्येकीला वेगवेगळं गाठून सांगायची की तुमच्याच तेलानं फरक पडला. एवढ्या बायका खूश होऊन घरी जायच्या आणि ही स्वयंपाकघराच्या चौकटीला डोकं टेकवून, डोळे मिटून उभी राहायची. त्या वेळी तिच्याशी बोलायचं नसतं हे मला उशिरा कळलं. मी आपली शेजारी उभी राहून विचारायची, "ताई, चहा ठेवू का?"

तिचा जीव होता तो स्कूटीत. संध्याकाळी तेलीबांध्याच्या तळ्यावर जायचं, पाण्याकडे तोंड करून बसायचं, शेंगदाणे खायचे आणि परत यायचं. मागचं दिसत नसताना स्कूटी चालवणं म्हणजे आत्महत्या, असं ह्यांनी एके दिवशी जाहीर केलं आणि किल्ली कपाटात ठेवली. ती भांडली नाही. नुसतं म्हणाली, "मान तर गेलीच, आता पायही काढून घेऊन राहिला का रे?" हे वर्तमानपत्रात शिरले. मग माझ्या तोंडून, मलाच न विचारता, शब्द बाहेर पडले: मी मागे बसेन आणि मागचं बघेन.

आता ही मी म्हणजे कोण? पन्नाशी उलटून गेलेली, रिक्षातसुद्धा देवाचं नाव घेत बसणारी, पिशवी पोटाशी धरून बसलेली बावळट. अशा बाईला नणंदेनं आपले मागचे डोळे म्हणून नेमलं. पहिल्या दिवशी तिनं विचारलं, "मागे कोण?" मी सांगायला लागले, ट्रक आहे ताई, निळा, लिंबू-मिरची बांधलीय, ड्रायव्हर पान खातोय. ती म्हणाली, "मले त्याची सोयरीक नाही जमवायची. जवळ हाये का दूर, तेवढं सांग." उजवीकडे वळायचं तर फारच मागे बघावं लागतं, आणि माझ्यावर तेवढा विश्वास अजून बसायचा होता. म्हणून आम्ही फक्त डावीकडे वळायचो. डावीकडे, पुन्हा डावीकडे, असं अर्ध्या रायपूरला प्रदक्षिणा घालत तळ्यावर पोचायचो. रोजची गाठ पडून वाटेतले पानवाले ओळखीचे झाले होते.

एका रविवारी तिनं स्कूटी तळ्यापाशी थांबवलीच नाही, थेट शहराबाहेर नव्यानं वसवलेल्या नवा रायपूरला नेली. एवढे रुंद रस्ते आणि त्यावर चिटपाखरू नाही. "मागे कोण?" कोणी नाही, मी म्हटलं. "नीट पाह्य वं." मी नीट पाहिलं. कोणीच नव्हतं. आणि तिनं उजवीकडे वळवली. मग पुन्हा उजवीकडे. मग त्या मोठ्या चौकाला गोल गोल फेऱ्या. मी तिच्या पदराला लोंबकळत किंचाळत होते आणि ती पट्ट्याच्या आतून पोरीसारखी हसत होती.

पुढे तिच्या उजव्या हाताला मुंग्या येऊ लागल्या. कप हातातून सुटायचा आणि ती म्हणायची, हा कपच उड्या मारतो. ज्या दिवशी ब्रेक दाबायला बोटं वळेनात, त्या दिवशी तिनं घरी येऊन किल्ली स्वतःच माझ्या हातात ठेवली. ह्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, पण घाई केली. कारण त्या वयात मी स्कूटी शिकले. कॉलनीतलं एक पेरूचं झाड, दूधवाल्याची सायकल आणि आमचंच फाटक यांनी मला शिकवलं. आता मी पुढे, ती मागे. म्हणजे मागचं बघायला कोणीच नाही. तरी आम्ही जात राहिलो.

मानेनं माणूस मरत नाही, असं ती म्हणायची, आणि ते खरं ठरलं; तिला छातीच्या दुखण्यानं नेलं. त्याच्या आधीच्या हिवाळ्यातली गोष्ट. तळ्यावरून परत येताना माझ्या पाठीला काहीतरी टेकलं. मला वाटलं, पिशवी. ते तिचं कपाळ होतं. जिनं कधी पाण्याचा पेला कोणाला मागितला नाही, ती म्हणाली, "लय जड होऊन राहिलं वं. थोडा वेळ तू धर."

मी धरलं. खड्डा आला की श्वास रोखायचा, एवढंच मला सुचत होतं. घर आलं, हे फाटकात उभे होते, मी त्यांच्यासमोरून पुढे निघून गेले. कॉलनीला एक फेरी मारली, मग आणखी एक. स्वेटरमधून तिचा श्वास लागत होता, सावकाश, झोपेत असल्यासारखा.

आता नातू मला गाडीतून नेतो. सीट मऊ, हवा गार. तो म्हणतो, "दादी, आराम से पीछे टिक के बैठो ना." मी टेकत नाही. संध्याकाळी तळ्यावरून परत यायला लागलो की माझी पाठ आपोआप ताठ होते, कोणी डोकं ठेवणार असल्यासारखी.